मागितल्यास, तीन वर्षांच्या आत

डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: बाराशे.
माझ्या स्वयंपाकघरात पोचायचे एक्केचाळीस,
तेही वरच्या मजल्यावरचा भाचा झोपल्यावर.
विल्यांदीत तळ्याकडच्या उतारावर
जुनी लाकडी घरं आहेत, मधोमध विटांची जाड धुराडी,
म्हणून मी दोष धुराड्याला देत होते.

एका रविवारी खोक्याच्या तळाशी
चार घड्यांचा कागद सापडला, मुंगीएवढी अक्षरं:
आतल्या प्रणालीचा काही भाग खुल्या परवान्याखाली आहे.
मागितल्यास मूळ संहिता देऊ.
मुदत, खरेदीपासून तीन वर्षं.

मी जिल्ह्याच्या अभिलेखागारात काम करते.
दिवसभर मेलेल्या माणसांचे करार उलगडते,
कोणी कोणाला कुरणाचा कुठला कोपरा कबूल केला होता ते.
कागदावर दिलेला शब्द दिसला
की डोळे आपोआप तारखेवर जातात.
अकरा दिवस उरले होते.

पहिल्या पत्राला उत्तर आलं:
आपल्याला कोणतं नवं मॉडेल पाहायला आवडेल?
दुसऱ्या पत्रात मी कलम लिहिलं, ओळ लिहिली,
आणि खाली अभिलेखागाराचा शिक्का उमटवला,
जो उमटवायचा मला काडीचा अधिकार नव्हता.
सात आठवड्यांनी साध्या पाकिटातून तबकडी आली,
वर माझं नाव, मायमूचं मामू झालेलं.

काइदोनं ती उघडली. म्हणाला, आहे की सगळं.
मग थोड्या वेळानं, जवळजवळ.
वायरलेसचा तुकडा मुटका वळून दिला होता,
वाचता न येणारा, नुसता चालणारा.
हातचं राखून दिलेलं मला ओळखू येतं,
कुठल्याही शतकातलं.

आणि एका फाइलच्या पोटात, रांगेच्या लांबीपाशी,
कोणाची तरी टीप:
तात्पुरतं. नंतर कमी करू.
शेजारी आकडा, एक हजार.

म्हणजे धुराडं निर्दोष होतं.
कोणालाच दारातून परत पाठवायचं नाही म्हणून
प्रत्येक निरोप हजारांच्या मागे ताटकळायचा
आणि पुढे सरकेपर्यंत शिळा व्हायचा.
ज्यानं लिहिलं त्याची पाळी संपत आली होती की नोकरी,
कळायला मार्ग नाही.
आम्ही त्याचं नाव तात्पुरता ठेवलं.
चहा ओतताना काइदो म्हणायचा, तात्पुरत्यालाही एक कप.

रात्रभर संहिता जुळत राहिली. पहाटे चढवली.
नारिंगी दिवा लागला तो विझेचना,
पत्ता नाही, उत्तर नाही, वीट झाली विकतची.
काइदोनं झाकण काढून तीन तारा डकवल्या,
मी टॉर्च धरला, बाहेर उणे अठरा,
आणि पडद्यावर हळूहळू
एकेक ओळ उठून बसू लागली.

मग मोजलं.
अडतीस.

मी दोनदा मोजलं. अडतीसच.
काइदो कान खाजवत म्हणाला, वेग वाढवणारी युक्ती
त्या मुटक्यात आहे, आपल्या हाती नाही.
पण बहिणीशी बोलताना तिचं हसणं आता
माझ्या विनोदानंतर लगेच येतं,
पुढच्या वाक्यावर पडत नाही.
तीन गेले. मला ते परवडले.

वसंतात खालच्या लेम्बीसाठी तसाच एक जुना डबा
आम्ही तयार केला. तिला नुसता देता आला नाही.
बदललेलं दुसऱ्याला द्यायचं तर वचनासकट द्यावं लागतं,
परवाना असा पुढे पुढे चालतो.
मी चांगल्या कागदावर, शाईनं, लिहिलं:
मागितल्यास मूळ संहिता देईन. तीन वर्षं. मायमू, पहिला मजला.
रांगेची लांबीही सांगितली, आणि तात्पुरत्याची टीप
पुसली नाही, तेही.

लेम्बी एकोणऐंशीची. तिनं चष्मा लावून कागद
शेवटच्या टिंबापर्यंत वाचला,
लोणच्याच्या काकड्यांच्या बरण्यांमागे,
घराच्या कागदांबरोबर ठेवला,
आणि दाराशी मला थांबवून विचारलं,
तीनच का गं?